गावाच्या मालकीचा संघ: ग्रीन बे पॅकर्स

[दृश्य: पहाट, बर्फाखाली गेलेली स्टेडियमची बाकं]

अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यातलं ग्रीन बे. वस्ती लाखाच्या थोडी वर. इथल्या लॅम्बो फील्डवर मात्र ८१ हजारांहून जास्त प्रेक्षक बसतात. एनएफएल म्हणजे अमेरिकन फुटबॉलची व्यावसायिक लीग. तिच्यात संघ ३२. त्यांतला हा एकच संघ कुणा धनिकाचा नाही. पाच लाखांहून अधिक भागधारक त्याचे मालक आहेत.

१९१९ च्या ऑगस्टमध्ये कर्ली लॅम्बो आणि जॉर्ज कॅलहून यांनी संघ उभा केला. लॅम्बो इंडियन पॅकिंग कंपनीत नोकरीला होता. कंपनीने जर्सींसाठी ५०० डॉलर दिले, म्हणून नाव पडलं पॅकर्स. १९२१ मध्ये संघ लीगमध्ये आला, पण पैशांची ओढाताण संपेना. अखेर १९२३ मध्ये गावात ५ डॉलरला एक, असे १००० शेअर विकले.

[दृश्य: शेअरचं प्रमाणपत्र, जवळून]

या शेअरवर लाभांश मिळत नाही. तो बाजारात विकता येत नाही. घरातल्या माणसाच्या नावावर तेवढा करता येतो. वार्षिक सभेत मत देता येतं. एका व्यक्तीकडे २ लाखांपेक्षा जास्त शेअर असू शकत नाहीत, त्यामुळे संघ विकत घेऊन दुसऱ्या शहरी हलवणं कुणालाच जमत नाही. १९३५, १९५०, १९९७, २०११ आणि २०२१ मध्ये पुन्हा शेअर काढले. लीगच्या आजच्या नियमांत अशी मालकी बसत नाही. पॅकर्सची व्यवस्था जुनी, म्हणून चालू राहिली. शिवाय १९६० च्या दशकापासून लीगचा टीव्हीचा पैसा सर्व संघांत सारखा वाटला जातो. न्यूयॉर्कला जेवढा, तेवढाच ग्रीन बेला. हा नियम नसता, तर नुसत्या शेअरांवर संघ तगला नसता.

मैदानावर सुरुवात दणक्यात झाली. १९२९ मध्ये १२ विजय, एक बरोबरी, पराभव एकही नाही. १९२९ ते १९३१ सलग तीन विजेतेपदं. पण १९५८ मध्ये १२ सामन्यांत विजय एकच.

१९५९ मध्ये विन्स लोम्बार्डी प्रशिक्षक झाले. एकच चाल त्यांनी खेळाडूंच्या अंगवळणी पाडली: पॉवर स्वीप. चेंडू हाती आला की दोन्ही गार्ड, म्हणजे पुढच्या फळीतले धिप्पाड खेळाडू, आपली जागा सोडून कडेला धावत सुटतात आणि बचावपटूंना बाजूला रेटतात. चेंडू घेतलेला धावपटू त्यांच्या मागून येतो आणि मोकळी जागा दिसेल तिथे घुसतो. चाल कोणती येणार, हे समोरच्यांना ठाऊक असायचं. तरी ती अडत नसे, कारण प्रत्येकाचं पाऊल ठरलेलं होतं. पहिल्याच वर्षी ७ विजय आले, १९६१ मध्ये विजेतेपद.

[दृश्य: ३१ डिसेंबर १९६७, तोंडातून वाफा]

डलास काउबॉईजविरुद्धचा अंतिम सामना. तापमान उणे २५ अंश सेल्सिअस. मैदान गरम ठेवायला ८० हजार डॉलरची विद्युत यंत्रणा जमिनीखाली बसवलेली होती. रात्रभर वर ताडपत्री होती. तिच्याखाली ओल साचली. सकाळी ताडपत्री निघताच ती ओल गोठली आणि मैदानाची घसरगुंडी झाली.

शेवटची १६ सेकंदं. पॅकर्स १४, डलास १७. गोलरेषा एका यार्डाच्याही आत; चेंडू तिच्यापलीकडे नेला की सहा गुण, वर किकचा एक. दोन प्रयत्न पाय घसरून वाया गेलेले, घड्याळ थांबवायला टाइमआउट एकही शिल्लक नाही. फील्ड गोल, म्हणजे खांबांमधून किक मारली, तर तीन गुण आणि बरोबरी. धावून अडले, तर किक मारायला उभं राहण्याआधीच वेळ संपण्याची भीती. क्वार्टरबॅक, म्हणजे चाल सुरू करणारा खेळाडू, बार्ट स्टारने चेंडू कुणाकडेच न देता पुढच्या फळीतल्या जेरी क्रेमर आणि केन बोमन यांच्या रेट्यामागून स्वतः आत झेप घेतली. २१–१७.

पुढची चोवीस वर्षं कोरडी गेली. प्लेऑफ, म्हणजे मोसमाअखेरची बाद फेरी, फक्त दोनदा गाठली, १९७२ आणि १९८२ मध्ये. १९९२ मध्ये संघाचे व्यवस्थापक रॉन वुल्फ यांनी अटलांटाच्या संघाला नव्या खेळाडूंच्या निवडीतला पहिल्या फेरीचा हक्क देऊन क्वार्टरबॅक ब्रेट फार्व्हला आणलं आणि १९९६ च्या मोसमात सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, जिंकला. २०१० मध्ये क्वार्टरबॅक एरन रॉजर्सच्या संघाने १० विजयांवर कसंबसं प्लेऑफ गाठलं, परक्या मैदानांवर तीन सामने जिंकले आणि अंतिम फेरीत पिट्सबर्गला ३१–२५ असं हरवलं. एकूण १३ विजेतेपदं. इतकी लीगमध्ये दुसऱ्या कुणाचीच नाहीत.

[दृश्य: फावडी घेतलेली रांग]

आता मैदानाखालच्या नळ्यांतून गरम द्रव फिरतो आणि जमीन गोठत नाही. बाकांवरचा बर्फ मात्र हातानेच काढावा लागतो. रात्री जोराचा बर्फ पडला की क्लब गावाला साद घालतो. ताशी मजुरी मिळते, आणि माणसं उजाडायच्या आत फाटकाशी हजर असतात.