बाहेर पडायचं नसतं तेव्हाची आंघोळ

नमस्कार. दात का घासायचे, आंघोळ का करायची, हे तुम्हा कुणालाच सांगायची गरज नाही. तरीही घरून काम सुरू झालं की काही महिन्यांत त्वचेच्या, दातांच्या, कानांच्या बारीकसारीक तक्रारी डोकं वर काढतात. माहिती तीच असते, माणूसही तोच असतो. गडबड वेळेची असते. सकाळची सगळी स्वच्छता आपण एका दारावर टांगून ठेवली होती. नऊला निघायचं म्हणून आठला आंघोळ, चारचौघांत जायचं म्हणून धुतलेले कपडे. आता ते दार उघडायचं कारणच उरलं नाही, आणि त्याच्यावर टांगलेलं सगळं हळूहळू दुपारी, संध्याकाळी, 'उद्या बघू'वर घसरत जातं.

त्यात आपलं नाक आपल्याला फसवतं. एकच वास सतत येत राहिला तर काही मिनिटांतच मेंदू त्याची दखल घेणं सोडून देतो. त्यामुळे 'मला तर काही वास येत नाही' याला पुरावा म्हणून काडीची किंमत नाही. स्वच्छता वासावर ठरवायची नाही, घड्याळावर ठरवायची.

घरात सावलीत बसून कुठे घाम येतो, असंही अनेकांना वाटतं. घामाच्या ग्रंथी दोन प्रकारच्या असतात. अंगभर पसरलेल्या ग्रंथींतून मुख्यतः पाणी आणि मीठ येतं, त्याला वास नसतो. काखेत आणि जांघेत दुसऱ्या ग्रंथी असतात. त्यांच्या स्रावात स्निग्ध पदार्थ आणि प्रथिनं असतात. तो स्रावही ताजा असताना वास मारत नाही. त्वचेवरचे जिवाणू त्याचं विघटन करतात तेव्हा वास सुटतो. आणि या ग्रंथी उष्णतेपेक्षा मनावरच्या ताणाला जास्त प्रतिसाद देतात. म्हणजे थंडगार खोलीत बसून एक अवघड मीटिंग पार पाडली तरी काखेत जे व्हायचं ते होतंच.

म्हणून आंघोळ रोज, आणि काम सुरू व्हायच्या आधी. पहिल्या मीटिंगच्या 45 मिनिटं आधीची वेळ कॅलेंडरवर अडवून ठेवा, इतर कामांसारखीच. पाणी कोमट, वेळ 5 ते 10 मिनिटं. साबण काखा, जांघा, नितंबांची घडी आणि पावलं इथे पुरे. बाकीच्या हातापायांना, पोटापाठीला रोज साबण चोळायची गरज नसते. साध्या साबणवडीचा पीएच (आम्लता मोजायचं माप, आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त) 9 ते 10 असतो, त्वचेचा 5च्या आसपास, म्हणून जास्त साबणानं त्वचा कोरडी पडते. दिवसभर एसीच्या कोरड्या हवेत बसणाऱ्या माणसानं गरम पाणी आणि भरपूर साबण वापरला की पोटऱ्यांना खाज सुटते, आणि मग तो आणखी साबण लावतो. आंघोळीनंतर अंग टिपून ते किंचित ओलसर असतानाच मॉइश्चरायझर लावा. मात्र काखा, जांघा आणि पायांच्या बोटांच्या बेचक्या पूर्ण कोरड्या करा. टॉवेल पसरून वाळवा आणि तीन-चार वापरांनंतर धुवा.

आता बसण्याबद्दल. घरून काम करणाऱ्याचं खरं दुखणं इथे आहे, आणि याबद्दल कुणी बोलत नाही म्हणून मी जरा सविस्तर बोलणार आहे. ऑफिसात उठणं-चालणं आपोआप होतं. घरी पाणी शेजारी, चार्जर शेजारी, माणूस तीन-तीन तास जागचा हलत नाही. मांड्या आणि नितंब खुर्चीला चिकटलेले, तिथे हवा पोचत नाही. उष्णता, ओल आणि घर्षण एकत्र आलं की आधी घामोळं येतं, मग केसांच्या मुळाशी पू धरून केसतूड होतो, आणि जांघेत बुरशी वाढली की नायटा. नायट्याची कड लालसर आणि थोडी उचललेली असते, मधला भाग त्या मानानं साफ दिसतो, आणि खाज भयंकर.

इथे सगळ्यात मोठी चूक होते ती मलमाची. लाज वाटते म्हणून माणूस डॉक्टरकडे जात नाही आणि घरात पडलेली, स्टेरॉइड मिसळलेली एखादी ट्यूब लावतो. दोन दिवसांत खाज थांबते, कारण स्टेरॉइडनं दाह दबतो. बुरशी मात्र आरामात पसरत राहते. नायट्याची ओळखीची गोल कड पुसट होते, आणि पुढे तपासणाऱ्या डॉक्टरलाही तो पटकन ओळखता येत नाही. कृपा करून हे करू नका. नुसतं बुरशीनाशक मलम लागतं, तेही कडेच्या बाहेर साधारण दोन सेंटिमीटरपर्यंत लावायचं, कारण बुरशी दिसते त्यापेक्षा पुढे गेलेली असते. दिसायला बरं झाल्यावरही डॉक्टर सांगतील तितके दिवस ते चालू ठेवायचं. बहुतेकांचा नायटा उलटतो तो इथे, चार दिवसांत बरं वाटलं म्हणून ट्यूब बंद केली की.

आणखी एक गोष्ट. पायाच्या बोटांमध्ये बुरशीच्या चिखल्या असतील तर कपडे घालताना आधी मोजे घाला, मग अंतर्वस्त्र. उलट क्रमानं अंतर्वस्त्र पायावरून वर चढतं आणि तीच बुरशी जांघेत पोचवतं. जांघेतला नायटा पुन्हा पुन्हा होत असेल तर आधी पायांची बोटं तपासा.

उपाय साधे आहेत. सैल सुती अंतर्वस्त्र, रोज धुतलेलं. रात्रीचे कपडे सकाळी बदलायचेच, कारण त्यांत आठ तासांचा घाम आधीच मुरलेला असतो. दर 45 ते 60 मिनिटांनी उठून दोन-तीन मिनिटं उभं राहा, त्वचेला हवा लागू द्या. रेक्झिनच्या खुर्चीवर सुती कापड पसरा आणि ते आठवड्यातून दोनदा बदला. पलंगावर बसून काम करायची सवय असेल तर ती आज सोडा. दिवसाचा घाम आणि खाण्याचे कण त्याच चादरीत जातात जिच्यावर रात्री गाल टेकायचा असतो. चादर आणि उशीचा अभ्रा आठवड्यातून एकदा बदला.

दातांकडे वळतो. घरी काम करताना दिवसभर थोडं थोडं खाणं-पिणं चालू राहतं. गोड चहा-कॉफीचा घोट घेतला की तोंडातले जिवाणू साखरेपासून आम्ल बनवतात. पीएच 5.5च्या खाली गेला की दातांच्या वरच्या थरातली खनिजं विरघळू लागतात. लाळ हळूहळू आम्ल निवळते, पण त्याला अर्धा-पाऊण तास, कधी त्याहून जास्त वेळ लागतो. एक कप दहा मिनिटांत संपवला तर दातांवर एकच हल्ला होतो. तोच कप दर वीस मिनिटांना एक घोट असा तीन तास पुरवला तर लाळेला उसंतच मिळत नाही. साखर तेवढीच, नुकसान कितीतरी जास्त. मधल्या वेळात साधं पाणी प्या.

ब्रश दिवसातून दोनदा, दोन-दोन मिनिटं. त्यातही रात्रीचा कधीच चुकवू नये, कारण झोपेत लाळ कमी होते. मऊ ब्रश, हिरडीच्या कडेला 45 अंशांत तिरका धरून, छोट्या छोट्या हालचाली. ट्यूबवर फ्लोराइडचं प्रमाण वाचा, मोठ्यांसाठी 1350 ते 1500 पीपीएम (दहा लाख भागांत इतके भाग) चांगलं. घासून झाल्यावर फेस थुंका, पण पाण्यानं खळखळून चुळा भरू नका, त्यात दातांवर राहायला हवं ते फ्लोराइड वाहून जातं. दातांच्या फटींत ब्रश पोचत नाही, तिथे रोज एकदा फ्लॉस, म्हणजे फटींतून फिरवायचा बारीक दोरा. सुरुवातीला हिरड्यांतून रक्त आलं की लोक घाबरून सोडून देतात. ते बहुधा साचलेल्या थरामुळे सुजलेल्या हिरड्यांचं असतं आणि नियमित साफसफाईनं कमी होतं. दोन आठवड्यांनंतरही येत राहिलं तर दंतवैद्याला दाखवा. कीटण एकदा धरलं की ते ब्रशनं निघत नाही, हेही लक्षात असू द्या.

कानांचं थोडक्यात. कान स्वतःला साफ करतो, नळीची त्वचा मळ हळूहळू बाहेर ढकलत आणते. तासन्‌तास कानात खुपसलेले इअरबड ही वाट बंद करतात, आत ओल धरतात. त्यावर कापसाची काडी घातली की मळ आणखी आत. काडी नकोच. इअरबडच्या सिलिकॉनच्या टोप्या आठवड्यातून एकदा काढून कोमट साबणपाण्यानं धुवा आणि पूर्ण वाळल्यावरच बसवा. जाळी कोरड्या मऊ ब्रशनं, तोंड खाली धरून झाडा, म्हणजे कचरा आत पडत नाही.

कीबोर्ड बंद करून, वायर काढून, उलटा धरून झटका. मग 70 टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलनं (औषधाच्या दुकानात मिळणारं जंतुनाशक) ओलसर केलेल्या कापडानं पुसा. जास्त तीव्र अल्कोहोल जास्त चांगलं, असं नाही. जिवाणूची प्रथिनं बिघडवायला थोडं पाणी लागतं, शिवाय तीव्र अल्कोहोल लगेच उडून जातं. स्क्रीनवर मात्र ते लावू नका, तिथे पाण्यानं किंचित ओलावलेलं मऊ कापड बरं. टेबलावरच जेवणार असाल तर आधी साबणानं हात धुवा, 20 सेकंद, अंगठे आणि नखांच्या कडांसकट.

पाळीच्या दिवसांत पॅड चार ते सहा तासांनी बदलायचं, टॅम्पॉन जास्तीत जास्त आठ तास, मेन्स्ट्रुअल कप जास्तीत जास्त बारा. एकामागून एक मीटिंगा लागतात आणि घरी बघणारं कुणी नसतं म्हणून हा वेळ ताणला जातो. मीटिंग पाच मिनिटं थांबू शकते, निःसंकोच थांबवा.

एक चिठ्ठी आली आहे. आंघोळ जमलीच नाही तर डिओडरंट चालेल का? न धुतलेल्या काखेत ते जुन्या थरावर बसतं आणि फारसं काम करत नाही. ॲल्युमिनियमचे क्षार असलेलं, घाम रोखणारं अँटिपर्स्पिरंट वेगळं. ते रात्री कोरड्या त्वचेवर लावायचं, कारण तेव्हा घाम कमी असतो आणि क्षार ग्रंथींच्या तोंडाशी नीट बसतात. नुकत्याच दाढी केलेल्या किंवा केस काढलेल्या त्वचेवर लावू नका, आग होते. आणि आंघोळ खरंच जमत नसेल, तर कोमट पाण्याचं भांडं आणि दोन स्वच्छ कापडं घ्या, एक साबणपाण्याचं, एक नुसत्या पाण्याचं. चेहरा, मान, काखा, मग जांघा, शेवटी पाय. पायांवरून कापड परत वर आणायचं नाही. कोरडं पुसा आणि धुतलेले कपडे घाला. कालचा टी-शर्ट परत चढवला, विशेषतः पॉलिस्टरचा, तर अंग तापल्याबरोबर त्याच्यातला कालचा वास पुन्हा वर येतो.