बेवारस म्हणण्याआधी

नमस्कार. जमिनीच्या कामासाठी माझ्याकडे येणारी माणसं बहुतेक वेळा एकाच वाक्यानं सुरुवात करतात. "मॅडम, ती जागा बेवारस आहे, बारा वर्षांहून जास्त काळ आम्हीच वापरतोय, आता ती आमच्या नावावर करून द्या." हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आजचं व्याख्यान त्याच्यावरच द्यायचं ठरवलं. त्यातला 'बारा वर्षं' हा भाग अर्धा खरा आहे. 'नावावर' या शब्दात मोठा गैरसमज आहे. आणि 'बेवारस' या शब्दापाशी तर मी दर वेळी थांबते.

बेवारस जमीन म्हणजे जिला मालकच नाही अशी जमीन. कायद्याच्या डोळ्यांनी बघायला गेलं तर अशी जमीन जवळजवळ नसतेच. मालक वारला की मालकी त्याच क्षणी वारसांकडे जाते, मग नोंद होवो न होवो. वारस कुणीच नसेल तर ती सरकारकडे जाते. आपल्या राज्यघटनेतलं 296 वं कलम हेच सांगतं, आणि हिंदू उत्तराधिकार कायद्याचं 29 वं कलमही. जर्मनीत तर मालकाला नोंदणी कार्यालयात लेखी देऊन जमीन सोडता येते. पण सोडली तरी ती घेण्याचा हक्क सरकारचा, वाटेनं जाणाऱ्या कुणाचाही नाही.

मग आपण ज्याला बेवारस म्हणतो ते काय असतं? ती असते नोंद थांबलेली जमीन. कुणी वारलं आणि वारस नोंद झालीच नाही. भावाभावांत तोंडी वाटण्या झाल्या, कागद केलाच नाही. साध्या कागदावर व्यवहार झाला, पैसे दिले-घेतले, दस्त नोंदवायचा राहिला. कुणी पोटापाण्यासाठी दूर गेलं ते परत फिरकलंच नाही. जमीन जिथल्या तिथे असते, माणसंही कुठेतरी असतात, फक्त दोघांना जोडणारा कागद मध्येच तुटलेला असतो.

हे गरीब किंवा गबाळ्या कारभाराच्या देशांतच होतं असं समजू नका. जपानसारख्या काटेकोर देशात 2016 साली एका अभ्यासगटानं अंदाज काढला, तेव्हा मालकाचा पत्ता लागत नाही अशी सुमारे 41 लाख हेक्टर जमीन निघाली. अख्ख्या क्युशू बेटापेक्षा हे क्षेत्र मोठं आहे. कारण अगदी साधं होतं. वारसाहक्काची नोंद करणं तिथे सक्तीचं नव्हतं. आजोबांच्या नावची जमीन नातवांपर्यंत पोचेतो हिस्सेदार डझनावारी होतात, त्यातले निम्मे एकमेकांना ओळखतही नाहीत. शेवटी त्यांनी कायदा बदलला. 1 एप्रिल 2024 पासून वारसानं तीन वर्षांच्या आत नोंद करायलाच हवी, नाही केली तर दंड. नको असलेली वारसाहक्काची जमीन काही अटींवर सरकारला परत करण्याची सोयही त्याच्या आदल्या वर्षी सुरू झाली.

आता वहिवाटीकडे येऊ. दुसऱ्याची जमीन वापरता वापरता आपली कशी होते? हा प्रश्न अडीच हजार वर्षं जुना आहे. रोमच्या बारा पाट्यांच्या कायद्यात, म्हणजे इसवी सनापूर्वी 450 च्या सुमाराला, जमिनीसाठी दोन वर्षांची मुदत होती. इतर वस्तूंसाठी एकच वर्ष. पुढे गायस या विधिज्ञानं त्याचं कारण नोंदवून ठेवलंय, ते मला फार मोलाचं वाटतं. मालकी कुणाची याची अनिश्चितता फार काळ राहू नये, एवढंच ते कारण. जमीन बळकावणाऱ्याला बक्षीस देणं हा त्यामागचा विचार नव्हता. चोरीच्या वस्तूला आणि बळानं घेतलेल्या जमिनीला हा मार्ग त्यांनी बंदच ठेवला होता. साक्षीदार मरतात, कागद वाळवी खाते, शेजाऱ्यापाजाऱ्यांनी ज्याला मालक धरून व्यवहार केले त्याला पन्नास वर्षांनी उपटून काढणं सगळ्यांनाच जड जातं. म्हणून कुठेतरी रेघ मारावी लागते.

ती रेघ प्रत्येक देशानं वेगळ्या ठिकाणी मारली. फ्रान्समध्ये तीस वर्षं, पण सद्भावनेनं, म्हणजे ती आपलीच झाली असं प्रामाणिकपणे समजून, आणि रीतसर दिसणाऱ्या दस्तानं घेतलेली असेल तर दहा. जपानमध्ये वीस आणि सद्भावनेला दहा. आपल्याकडे 1963 च्या मुदतीच्या कायद्याप्रमाणे खासगी जमिनीला बारा वर्षं, सरकारी जमिनीला तीस.

पण वर्षं मोजणं हे त्यातलं सोपं काम. वहिवाट कशी होती हा खरा प्रश्न. तिथे रोमन काळापासूनची तीन पथ्यं आजही आपल्या कोर्टांत बोलली जातात: जबरदस्तीनं नको, लपूनछपून नको, आणि कुणाच्या परवानगीनं नको. पहिली दोन सगळ्यांना पटतात. तिसऱ्यापाशी प्रामाणिक माणसं अडकतात, आणि ते बघताना मला दर वेळी त्रास होतो.

एक बाई माझ्याकडे आल्या होत्या. जवळजवळ चाळीस वर्षं त्या एका घरात राहत होत्या. छप्पर त्यांनी बदललं, भिंती त्यांनी लिंपल्या, मुलं तिथेच वाढली. पुरावा म्हणून त्यांनी जपून ठेवलेलं एक पत्र पिशवीतून काढलं. मूळ मालकानं लिहिलं होतं, "तुम्ही राहा, घराकडे लक्ष असू द्या." त्यांना वाटत होतं, हाच आपला सर्वांत भक्कम कागद. मला मात्र वाचताक्षणी कळलं की या एका ओळीनं त्यांचा वहिवाटीचा दावा संपला. परवानगीनं राहिलेला माणूस शंभर वर्षं राहिला तरी परवानगीनंच राहिलेला असतो. भाडेकरूचं तेच, राखणदाराचं तेच. सहहिस्सेदाराचंही जवळपास तेच. एका भावाचा ताबा हा सगळ्या भावंडांचा ताबा धरला जातो. त्यानं इतरांना उघडपणे हक्क नाकारला आणि त्यांना ते माहीत होतं, हे सिद्ध झालं तरच गोष्ट बदलते.

ते पत्र आम्ही लपवलं नाही. उलट त्यावरच्या पत्त्यावरून शोध सुरू केला. पत्र लिहिणारे गृहस्थ कधीच वारले होते, पण त्यांचे तीन वारस सापडले. त्यातल्या दोघांना असं घर आहे हेच ठाऊक नव्हतं. दोघांनी आनंदानं सही केली, तिसऱ्यानं पैसे मागितले, ते दिले. रीतसर खरेदीखत झालं, नोंदवलं गेलं. कोर्टात दहा-पंधरा वर्षं भांडून जे कदाचित मिळालं नसतं, ते मालक शोधल्यामुळे काही महिन्यांत मिळालं. माझं आजचं सगळं म्हणणं या एका कामातून तयार झालंय.

मालकाला आधी विचारण्याची ही गोष्ट इंग्लंडला फार महागात पडून कळली. बर्कशरमध्ये एका विकसक कंपनीची सुमारे 23 हेक्टर जमीन होती. शेजारच्या शेतकऱ्याला ती चराईसाठी कराराने दिलेली होती. 1983 च्या अखेरीस करार संपला. कंपनीनं तो वाढवून दिला नाही, शेतकऱ्यानं वापर चालूच ठेवला. त्यानं करार पुन्हा मागितला होता, पैसे द्यायची तयारी दाखवली होती. कंपनीनं लक्षच दिलं नाही. बारा वर्षं उलटली आणि 2002 साली तिथल्या सर्वोच्च न्यायपीठानं शेतकऱ्याच्या बाजूनं निकाल दिला. कोट्यवधींची जमीन गेली. प्रकरण युरोपीय मानवाधिकार न्यायालयात पोचलं. तिथे आधी कंपनीच्या बाजूनं कौल लागला, आणि 2007 मध्ये मोठ्या पीठानं दहा विरुद्ध सात मतांनी तो फिरवला. एवढ्या मोठमोठ्या न्यायाधीशांचं एकमत होत नाही, यावरून प्रश्न किती अवघड आहे ते बघा.

दरम्यान इंग्लंडनं 2002 चा नवा नोंदणी कायदा केला. आता नोंदलेल्या जमिनीवर दहा वर्षं ताबा असलेल्यानं अर्ज केला की नोंदणी कार्यालय मालकाला कळवतं. मालकाला उत्तर द्यायला 65 कामाचे दिवस मिळतात. त्यानं विरोध केला तर काही मोजके अपवाद सोडून अर्ज नामंजूर होतो, आणि जमीन परत घ्यायला त्याला आणखी दोन वर्षं मिळतात. तरीही तो गप्प बसला तर जमीन गेली. म्हणजे नकळत कुणाची मालकी जात नाही. मला हा बदल न्याय्य वाटतो. आपल्या कायद्यात अशी पायरी नाही, ती असायला हवी असं माझं ठाम मत आहे.

आपल्याकडे या विषयावर न्यायालयांचंही मन दोलायमान राहिलंय. 2008 साली सर्वोच्च न्यायालयानं हा कायदा तर्काला धरून नाही अशी कडक टीका केली आणि सरकारला फेरविचार करायला सांगितलं. 2019 मध्ये त्याच न्यायालयाच्या तीन न्यायाधीशांच्या पीठानं ठरवलं की मुदत पुरी झालेला वहिवाटदार नुसता बचावच करू शकतो असं नाही, तो स्वतः दावाही लावू शकतो. 2023 मध्ये विधी आयोगानं कायदा आहे तसाच ठेवावा असं कळवलं. 2020 च्या एका निकालाचा मला विशेष आनंद झाला. सरकारनं नागरिकाची जमीन भरपाई न देता घ्यायची आणि वर्षं उलटल्यावर वहिवाटीनं आमची झाली म्हणायचं, हे चालणार नाही असं न्यायालयानं स्पष्ट सांगितलं.

दाव्यात एक चूक मी सतत बघते. एका परिच्छेदात लिहिलेलं असतं, ही जमीन आमच्या वडिलांनी विकत घेतली. पुढच्याच परिच्छेदात, वहिवाटीनं ती आमची झाली. ही दोन म्हणणी एकमेकांना मारतात. वहिवाटीनं मालकी मागायची तर मूळ मालक दुसरा होता हे आधी मान्य करावं लागतं. तो कोण, आपला ताबा कोणत्या तारखेपासून, त्याला तो कधी कळला, हे सगळं सांगावं लागतं. ज्याला मालकाचं नावच माहीत नाही, तो कुणाविरुद्ध वहिवाट सिद्ध करणार?

'नावावर' या शब्दाबद्दल थोडंच बोलते. सातबाऱ्यावर किंवा फेरफारात नाव आलं म्हणजे मालकी आली असं नाही. त्या नोंदी महसुलासाठी आहेत, कोर्टांनी हे असंख्य वेळा सांगितलंय. ऑस्ट्रेलियात रॉबर्ट टॉरेन्स यांनी 1858 साली रूढ केलेल्या पद्धतीत नोंदवहीच मालकी ठरवते. आपली पद्धत ती नाही. आपल्याकडे दस्तांची साखळी लागते. नुसत्या मुखत्यारपत्रावर झालेल्या व्यवहारानं मालकी मिळत नाही, हेही 2011 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलंय.

या सगळ्यात ज्यांच्याकडे खरोखरच कागद नाही आणि दुसरं छप्परही नाही, त्यांचं काय? ब्राझीलनं 1988 च्या घटनेतच त्यांची सोय केली. शहरात 250 चौरस मीटरपर्यंतच्या जागेवर पाच वर्षं सलग, कुणाच्या विरोधाशिवाय, स्वतःचं घर म्हणून जो राहिला आणि ज्याच्याकडे दुसरी मालमत्ता नाही, त्याला मालकी मिळते. ती पुरुषाच्या, बाईच्या किंवा दोघांच्या नावानं देता येते, लग्न झालेलं असो वा नसो. सार्वजनिक जमीन मात्र यातून वगळली आहे. जागा साठवणारा आणि आसरा शोधणारा यांच्यातला फरक कायद्यात असा लिहिता येतो. मला तो लिहिलेला हवा आहे.

'बेवारस' शब्दाकडे मी पुन्हा जाते, कारण त्याचा इतिहास वाईट आहे. इंग्रजांनी ऑस्ट्रेलिया घेतला तेव्हा ती जमीन कुणाचीच नाही असं धरलं. हजारो वर्षं तिथे राहणारी माणसं समोर होती, पण त्यांच्याकडे ओळखता येईल असा कागद नव्हता. टॉरेस सामुद्रधुनीतल्या मेर बेटावरचे एडी माबो आणि त्यांचे सोबती याविरुद्ध दहा वर्षं लढले. 3 जून 1992 रोजी तिथल्या उच्च न्यायालयानं त्यांच्या लोकांचा जमिनीवरचा हक्क मान्य केला. माबो त्याच वर्षी जानेवारीत वारले होते. निकाल ऐकायला ते नव्हते.

मघाशी एकानं विचारलं, सुरुवात कुठून करायची? मोजणी करून घ्या, चतुःसीमा नक्की करा. जुने उतारे, जुने फेरफार, नोंदणी कार्यालयातल्या सूची जितक्या मागे मिळतील तितक्या काढा. लगतच्या वयस्कर माणसांना भेटा, त्यांना नावं आठवतात. मग सापडलेल्या शेवटच्या नावाला, शेवटच्या पत्त्यावर पत्र पाठवा. माझे वकील मित्र म्हणतील, असं पत्र म्हणजे समोरच्याची मालकी कबूल करणं, मुदत नव्यानं मोजली जाईल. बारा वर्षं भरायच्या आत लिहिलंत तर तो धोका खरा आहे, म्हणून मजकूर वकिलाकडून तयार करून घ्या. पण पत्र लिहा. वर्तमानपत्रात जाहीर नोटीस द्या. कुणी पुढे आलं तर बसून बोला. कुणीच आलं नाही तर दिवाणी कोर्टात घोषणेचा दावा, म्हणजे मालक आम्हीच असं कोर्टानं जाहीर करावं असा दावा, लावा. आणि पाठवलेलं पाकीट 'पत्ता सापडत नाही' असा शेरा मारून परत आलं तर ते फोडू नका. पोस्टाच्या शिक्क्यासकट, बंद आहे तसंच, दाव्याच्या कागदांत लावा.