मुंबई फिरायला निघालात? आधी वार बघा, मग तिकीट काढा

नमस्कार मंडळी. दिवाळी तोंडावर आली, सोयाबीन निघालं, लेकरांच्या सुट्ट्या जवळ आल्या, आणि कमेंटमध्ये पंधरा दिवसांपासून एकच प्रश्न यायलाय: "ताई, तीन दिवसांत मुंबई कशी बघायची?" सेलूहून, मानवतहून, पार वसमत-जिंतूरहून लोक विचारायलेत. म्हणून आजचा व्हिडिओ.

आधी सोप्या गोष्टी पटकन उरकते. तिकीट ६० दिवस आधी निघतं. पूर्वी १२० दिवस होते, नोव्हेंबर २०२४ पासून ६० झाले. दिवाळीत पहिल्याच दिवशी काढा. आपल्याकडून देवगिरी, नंदिग्राम, तपोवन आहेत, लातूरकरांना लातूर एक्सप्रेस आहे, आता नांदेडहून वंदे भारतही आहे. आधार कार्ड, पायात रोजच्या सवयीची चप्पल, पाण्याची बाटली. हे तुम्हाला माहीत आहे, मी त्यात वेळ घालवत नाही.

मला बोलायचंय ते वाराबद्दल. सोमवार, मंगळवार, बुधवार, तो वार. तुम्ही मला यादी पाठवता: गेटवे, घारापुरी, राणीची बाग, सिद्धिविनायक, बोरिवलीचं जंगल. यादी छान असते. पण एकाही यादीवर वार लिहिलेला नसतो, आणि मला त्याचाच त्रास होतो. का होतो ते सांगते.

सात-आठ वर्षांपूर्वी आम्ही आई-अण्णांना घेऊन गेलो. अण्णा जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होते. इतिहास शिकवायचे. आयुष्यभर पोरांना घारापुरीची त्रिमूर्ती पुस्तकातल्या चित्रावरून शिकवली, स्वतः कधी बघितली नाही. रविवारी गावात लग्न होतं, ते आटोपलं आणि रात्रीच्या गाडीनं निघालो. सकाळी सीएसएमटीला उतरलो, आंघोळी केल्या, गेटवेला गेलो. समोर समुद्र, कबुतरं, बोटी उभ्या. आमचे हे तिकिटाला गेले आणि तसेच परत आले. "घारापुरी बंद आहे. सोमवार आहे."

बरं, म्हणलं, दिवस वाया नको. लेणीच बघायची ना, तर बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात कान्हेरी आहे, शंभराहून जास्त लेणी आहेत. चर्चगेटहून लोकल पकडली, तासभर गेलो. उद्यानाचं गेट बंद. तेही सोमवारी बंद असतं, आणि कान्हेरी उद्यानाच्या आत. म्हणजे एकाच दिवशी दोन बंद दारं, मधी सगळी मुंबई आडवी पार केलेली.

तिथंच बाहेर कट्ट्यावर बसून जेवलो. आईनं निघायच्या आधी दशम्या केल्या होत्या, दुधात मळलेल्या, जुन्या धोतराच्या फडक्यात बांधलेल्या, सोबत शेंगदाण्याची चटणी. फडकं उघडलं तेव्हा दशम्या अजून मऊ होत्या. अण्णा काही बोलले नाहीत. घास मोडत त्या बंद गेटाकडं बघत राहिले. दुसऱ्या दिवशी दुपारचीच परतीची गाडी होती. घारापुरी राहिली ती राहिलीच.

चूक कुणाचीच नव्हती, बंदचा वार ठरलेला असतो. आम्ही कॅलेंडर बघितलं नव्हतं, एवढंच.

आता हेच मी तुम्हाला आपल्या घरचं उदाहरण देऊन सांगते. वेरूळ कधी बंद असतं? मंगळवारी. अजिंठा? सोमवारी. आपल्याला हे लहानपणापासून पाठ आहे, शाळेची सहल ठरवतानाच गुरुजी सांगायचे. पण मुंबई-पुण्याच्या पाहुण्यांना ठाऊक नसतं. माझा मावसभाऊ संभाजीनगरात गाडी चालवतो. त्याला मंगळवारी हमखास असे पाहुणे भेटतात, पहाटे उठून आलेले आणि "वेरूळला चला" म्हणणारे. तो बिचारा त्यांना देवगिरीचा किल्ला दाखवतो, घृष्णेश्वराचं दर्शन करवतो, पण कैलास लेणं त्यांना बाहेरूनही नीट दिसत नाही. त्या पाहुण्यांचं आपल्याला वाईट वाटतं ना? मग मुंबईत आपण ते पाहुणे असतो.

एक कमेंट वाचून दाखवते. "ताई, वार कशाला बघायचा, मुंबई कधी झोपत नाही." भाऊ, मुंबई झोपत नसेल, तिकीटखिडकी झोपते.

आता तिसऱ्यांदा तीच गोष्ट, कागदावर. (कॅलेंडरचं पान कॅमेऱ्यासमोर धरून) हे पान घ्या आणि पेन घ्या. माझ्यासोबत लिहा.

सोमवार: घारापुरी बंद. बोरिवलीचं उद्यान बंद, कान्हेरी त्यातच आली. वरळीचं नेहरू तारांगण बंद. बुधवार: राणीची बाग बंद, आणि तिच्या आवारातलं भाऊ दाजी लाड संग्रहालयही बंद. लेकरं पेंग्विन बघायचं म्हणून नाचत आलेली असतात, त्यांना गेटवरून परत नेणं फार जिवावर येतं. अजून एक बारकावा: बुधवारी सरकारी सुट्टी आली तर महापालिका बाग त्या दिवशी उघडी ठेवते आणि दुसऱ्या दिवशी बंद. दिवाळीत हे येऊ शकतं, तेव्हा त्या आठवड्याची बातमी बघूनच जा. मंगळवार: सिद्धिविनायक उघडंच असतं, पण रांग. आई-वडील सोबत असतील तर मंगळवार सोडून कुठलाही वार धरा, देव तोच आहे.

आणि रविवार. रविवारी सगळं उघडं असतं म्हणून आपण खुश होतो. पण रविवारी लोकलचा मेगाब्लॉक असतो. रुळांची, तारांची कामं रविवारी काढतात, साधारण सकाळी अकरा ते दुपारी चार. त्या वेळात काही गाड्या रद्द, काही फास्ट गाड्या स्लोच्या रुळावर. शनिवारी बातमी येते, ती वाचायची आणि मगच रविवारचं ठरवायचं.

कल्याणचा प्रश्न इथंच येतो. निम्म्या कमेंट त्याच आहेत: "कल्याणला मामा राहतात, तिथून येऊन-जाऊन जमेल का?" जमेल. पण कल्याण ते सीएसएमटी पन्नास किलोमीटरच्या वर आहे. म्हणजे परभणीहून जिंतूर गाठून वर थोडं, तेही रोज दोनदा, आणि सकाळी सगळी गर्दी तुमच्याच दिशेनं चाललेली. सकाळी आठ ते अकरा शहराकडं जाणारी लोकल आणि संध्याकाळी पाच ते साडेआठ परत येणारी लोकल, या दोन वेळा म्हाताऱ्या माणसांना आणि लेकरांना घेऊन टाळाच. मामाकडं एक रात्र राहा, मामीच्या हातचं खा, बाकी दोन रात्री दादर किंवा सीएसएमटीच्या आसपास लॉज बघा. मामा रागावतील, पण पाय वाचतील. आमदार निवासात सोय होईल या भरवशावरही निघू नका. सोय झाली तर उत्तम, पण रात्री बॅगा घेऊन फोन लावत बसणं बरं नाही.

मेट्रोबद्दलही विचारलंय. होय, आता आरे ते कफ परेड अशी साडेतेहतीस किलोमीटरची भुयारी मेट्रो ऑक्टोबर २०२५ पासून पूर्ण चालू आहे. दादर, सिद्धिविनायक, सीएसएमटी, हुतात्मा चौक, सगळी स्टेशनं तिच्यावर आहेत. गर्दीत लोकलच्या दारात लटकण्यापेक्षा आईला मेट्रोनं न्या.

मग उतरायचं कधी? माझं मत सांगते. बुधवारी रात्री निघा, गुरुवारी सकाळी उतरा.

गुरुवारी दक्षिण मुंबई, पायी. सीएसएमटीची इमारत आधी बाहेरून नीट बघा. आपण तिच्यातून उतरतो आणि मान वर न करता टॅक्सी शोधतो. १८८७ साली तिला व्हिक्टोरिया राणीचं नाव दिलं, २००४ पासून ती जागतिक वारसा आहे, आणि तिच्या दगडात माकडं, मोर, पानंफुलं कोरलीत. लेकरांना म्हणा, मोजा. तिथून फोर्टातून चालत काळा घोडा, वस्तुसंग्रहालय, गेटवे. सगळं मिळून दोन-अडीच किलोमीटर. गेटवे १९२४ साली पुरा झाला, आणि इंग्रजांची शेवटची पलटण २८ फेब्रुवारी १९४८ ला त्याच्याच कमानीखालून बोटीत बसून गेली. लेकरांना तिथं उभं करून हे सांगा. संध्याकाळी मरीन ड्राइव्ह.

शुक्रवारी सकाळच्या पहिल्या बोटीनं घारापुरी. तासाभराचा प्रवास. वर जायला शंभरावर पायऱ्या आहेत, गुडघे दुखणाऱ्यांनी सावकाश. माकडं हातातली पिशवी ओढतात, डबा बॅगेच्या आत ठेवा. शेवटची परतीची बोट किती वाजता, हे उतरल्या उतरल्या विचारून ठेवा.

शनिवारी दादर. चैत्यभूमी, राजगृह, शिवाजी पार्क, सिद्धिविनायक. मग भायखळ्याला राणीची बाग. रात्री गाडी, रविवारी सकाळी घरी, एक दिवस आरामाला.

नोकरीवाल्यांना गुरुवार जमत नसेल तर शुक्रवारी रात्री निघा. शनिवारी पायी फिरणं, रविवारी घारापुरी, कारण गेटवेजवळ राहिलात तर लोकल लागतच नाही आणि मेगाब्लॉकशी तुमचा संबंध येत नाही. सोमवारी दादर आणि राणीची बाग, ती सोमवारी उघडी असते. बघा, सोमवारही वापरता आला. फक्त काय कुठं ठेवायचं हे कळायला पाहिजे.

वाराचीच अजून एक अडचण, आणि ही फार जणांची होते. रात्रीच्या गाडीची तारीख. तुमच्या स्टेशनात गाडी रात्री साडेअकराला येत असेल तर बुधवारचं तिकीट. पण बारा वाजून वीस मिनिटांनी येत असेल तर ती गुरुवारची गाडी, तिकीट गुरुवारचं काढायचं आणि स्टेशनला बुधवारी रात्री जेवून जायचं. एका ताईनं लिहिलंय, त्या पूर्ण कुटुंबासह एक रात्र उशिरा पोचल्या, गाडी आदल्या रात्री निघून गेलेली. सहा तिकिटं गेली. तिकीट हातात आलं की घरातल्या दोन माणसांनी वेगवेगळं वाचायचं आणि तारखेच्या शेजारी पेनानं वार लिहायचा.

"दोन दिवसांत मुंबई, पुणे, लोणावळा बसवून द्या" असंही आलंय. मी बसवून देणार नाही. खर्च तुमचा होईल आणि दिसेल फक्त गाडीची खिडकी.

आता अण्णांचं सांगते, कारण मागं एकदा त्यांचा उल्लेख केला तेव्हापासून बरेच जण विचारायलेत. मागच्या वर्षी जानेवारीत परत गेलो. या वेळी वार मी काढला, अण्णांनी स्वतः कॅलेंडरवर गोल केला. शुक्रवारची पहिली बोट. अण्णा पायऱ्या तीनदा बसून चढले. आत गेलो, उन्हातून एकदम अंधार, डोळे सरावायला वेळ लागला, आणि मग मागच्या भिंतीवर ते तीन चेहरे हळूहळू दिसायला लागले. मला वाटलं अण्णा आधी त्रिमूर्तीपुढं जाऊन उभे राहतील. ते खांबांकडं गेले. एका खांबावर हात ठेवला, वर बघितलं, बाजूच्या उजेडाच्या दारांकडं बघितलं, आणि म्हणाले, "अगं, हे तर आपलं धुमार लेणं."

वेरूळचं २९ नंबरचं. ज्यांनी बघितलंय त्यांना कळेल. तसेच खांब, तशीच मांडणी, तसाच तीन बाजूंनी येणारा उजेड. मग ते त्रिमूर्तीसमोर बसले, आणि आम्ही अकराची बोट सोडून दिली, साडेबाराचीही सोडून दिली.

तुम्ही कोणत्या वारी उतरताय ते खाली लिहा. यादी नंतर, आधी वार. मी एकेक वाचून उत्तर देते.