चर्चच्या आवारातली राखण

नमस्कार श्रोतेहो.

बायबलच्या अगदी सुरुवातीला, उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायात, देव माणसाला एदेन बागेत आणून ठेवतो आणि दोन कामं नेमून देतो. बागेची मशागत करायची आणि बागेची राखण करायची. पहिलं काम आपण फार मन लावून केलं. खणलं, नांगरलं, तोडलं, बांधलं, वर फरशी घातली. दुसरं मात्र राहून गेलं. राखण म्हणजे काय, हे गुरं पाळणाऱ्याला विचारावं. तो 'हे कुरण राखलंय' म्हणतो, तेव्हा त्यानं तिथे वरवर पाहता काहीच केलेलं नसतं. गुरं सोडलेली नसतात, विळा लावलेला नसतो. गवताला फुलू दिलेलं असतं, बी धरू दिलेलं असतं. आणि तरी ते कुरण पडीक नसतं. कुणाचं तरी त्यावर रोज लक्ष असतं, कधी कापायचं ते ठरलेलं असतं.

आज मला बोलायचं आहे ते अशा राखणीबद्दल, आणि तीही चर्चच्या आवारातल्या.

ब्रिटनमधल्या खेडोपाडीच्या जुन्या चर्चभोवती दफनभूमी असते. तिला तिथे 'गॉड्स एकर' म्हणतात, म्हणजे देवाचा एकर. या जमिनीवर गेली कित्येक शतकं नांगर फिरलेला नाही. रासायनिक खत पडलेलं नाही. आजूबाजूचं सगळं बदललं. १९३० च्या दशकापासून आजपर्यंत त्या देशातली ९७ टक्के फुलांची गवताळ कुरणं नाहीशी झाली, त्यांच्या जागी शेतं, रस्ते, घरं आली. चर्चच्या कुंपणाआतला तुकडा तेवढा राहिला, कारण तिथे मेलेली माणसं झोपलेली होती आणि त्यांना उठवायची कुणाची छाती नव्हती. निसर्गरक्षण म्हणून कुणी हे केलं नव्हतं. आपोआप झालं.

मग तिथे बिघडलं कुठे? बिघडलं ते गवत कापण्याच्या यंत्रानं. यंत्र आलं आणि गालिच्यासारखी हिरवळ म्हणजे स्वच्छता, असं सगळ्यांच्या डोक्यात बसलं. दर पंधरवड्याला गवत कापलं की फूल उमलायच्या आतच त्याची मान उडते. फूल नाही म्हणून मधमाशी नाही, बी नाही म्हणून पाखरू नाही. हे उलटं फिरवायचं तर सगळं आवार रानासारखं सोडून द्यावं लागत नाही. एखादा कोपरा वसंतापासून उन्हाळा सरेपर्यंत राखायचा, बी गळून पडलं की एकदा कापायचा. आणि इथे एक गोष्ट फार महत्त्वाची, जी हौशी मंडळी हमखास विसरतात. कापलेलं गवत तिथेच टाकायचं नाही, उचलून न्यायचं. ते कुजलं की जमिनीचा कस वाढतो, आणि रानफुलांना कसदार जमीन मानवत नाही! कस वाढला की दांडगं गवत माजतं आणि नाजूक फुलझाडं त्याच्याखाली गुदमरतात. आपण आयुष्यभर ऐकलेलं असतं की जमीन सुपीक हवी, आणि रानफुलं म्हणतात, आम्हाला गरिबीच बरी.

गवताचा माज उतरवायला तिथे एक गंमतशीर झाड पेरतात. त्याचं नाव यलो रॅटल. हातभर उंचीचं, पिवळ्या फुलाचं, एका वर्षाचं आयुष्य. बी पिकलं की वाळक्या बोंडात ते खुळखुळ्यासारखं वाजतं, म्हणून हे नाव. जमिनीखाली मात्र त्याचं वेगळंच चाललेलं असतं. ते आपली मुळं गवताच्या मुळांना भिडवतं आणि त्यांच्यातलं पाणी, अन्न शोषतं. गवत खुरटतं, मधे मोकळी जागा पडते, आणि त्या जागेत इतर फुलं डोकं वर काढतात.

वाचताना हे सोपं वाटतं. प्रत्यक्षात काय होतं? कुणीतरी आईच्या कबरीवर फुलं वाहायला येतं आणि बघतं तर गुडघाभर गवत! त्या माणसाला फुलपाखरांचं काय पडलंय? त्याला एवढंच दिसतं की चर्चनं आपल्या आईला वाऱ्यावर सोडलं. तो पाळकांकडे तावातावानं जातो, आणि माझ्या मते त्याचं चुकत नाही. म्हणून जिथे हे काम टिकलंय तिथे लोकांनी आधी माणसं राखली आहेत. अलीकडच्या कबरींभोवतीचं गवत नियमित कापायचं, जुन्या कबरींकडचं राखायचं. वाढलेल्या गवतातून एक नीट पायवाट काढायची आणि कडेची हातभर पट्टी बारीक कापून ठेवायची. ही पट्टी फार बोलते. ती पाहिली की येणाऱ्याला कळतं, इथे कुणी आळशीपणा केलेला नाही, हे ठरवून केलेलं आहे. शेजारी चार ओळींची पाटी लावली की निम्मी भांडणं मिटतात. उरलेली निम्मी चहाच्या कपावर मिटवावी लागतात.

आता गवतातून मान वर करून त्या कबरींचे दगड बघू. जवळ जाऊन, अगदी नाक लावून. लांबून जे डाग वाटतात, ते डाग नसतात. एक राखाडी, कडेला लाटांसारखं मुडपलेलं. एक पांढुरकं, मधे काळे ठिपके असलेलं. दगडाच्या माथ्यावर, जिथे पाखरं बसून शिटतात, तिथे हमखास भगवं-पिवळं. ही दगडफुलं, शास्त्राच्या भाषेत शैवाकं. बुरशी आणि शैवाल यांनी मिळून थाटलेला संसार. चुनखडीच्या दगडावरची वेगळी, वालुकाश्मावरची वेगळी, उन्हाकडची वेगळी, सावलीकडची वेगळी. ब्रिटनमध्ये शैवाकांच्या सुमारे २००० जाती आहेत, त्यातल्या ७०० हून अधिक चर्चच्या आवारांत नोंदल्या गेल्या आहेत. ज्या भागात नैसर्गिक खडक उघडा पडलेलाच नाही, तिथे कबरीचा दगड हाच त्यांचा डोंगर.

त्यांची वाढ फार सावकाश. कित्येक जातींची वर्षाला एक मिलिमीटर, काहींची त्याहूनही कमी. आणि दगडावर तर मृत्यूचं साल कोरलेलं असतंच! म्हणजे १८२० चा दगड असेल तर त्यावरच्या शैवाकाचं वय त्याहून जास्त नाही, हे विनासायास कळतं. शास्त्रज्ञांना इतकी सोयीची मोजपट्टी दुसरीकडे क्वचितच मिळते. मग एक दिवस एखादा उत्साही गट तारेचा ब्रश आणि पाण्याचा जोरदार फवारा घेऊन येतो आणि दुपारपर्यंत दोनशे वर्षं खरवडून टाकतो. दगड चकचकीत होतो, कधीकधी त्यावरची अक्षरंही जातात. हेतू वाईट नसतो, यातच सगळी पंचाईत आहे.

आता चर्चच्या आत जाऊ, कारण तिथे प्रश्न जास्त अवघड आहे. वटवाघळं.

जुन्या छपराच्या तुळयांमध्ये, कौलांखाली वटवाघळांच्या माद्या उन्हाळ्यात एकत्र जमतात आणि पिलं देतात. एका मादीला वर्षाला साधारण एकच पिल्लू. त्यामुळे एक वसाहत उठवली तर ती भरून यायला वर्षानुवर्षं लागतात. ब्रिटनमध्ये १९८१ च्या कायद्यानं वटवाघळांना आणि त्यांच्या मुक्कामाच्या जागांना संरक्षण आहे. इथवर सगळं छान. पण रविवारी सकाळी उपासनेच्या आधी बाकांवरच्या लेंड्या झाडणारी जी बाई असते, तिची बाजू कोण मांडणार? वेदीवरचं कापड रोज झाकायचं, पितळी फलकांवर मुताचे डाग पडतात ते निघत नाहीत, वासानं डोकं उठतं. निसर्गप्रेमी लोकांनी तिला 'सहन करा' असं सांगणं हा मला निव्वळ शहाजोगपणा वाटतो. इंग्लंडमध्ये 'बॅट्स इन चर्चेस' नावाच्या प्रकल्पानं निदान हे ओळखलं. चर्च ऑफ इंग्लंड, वटवाघळांसाठी काम करणारी संस्था आणि वारसावास्तू सांभाळणाऱ्या संस्था एकत्र बसल्या. काही ठिकाणी वटवाघळांना छपराजवळ वेगळी बंदिस्त जागा करून दिली, म्हणजे ती राहतात पण खाली काही पडत नाही. काही ठिकाणी आत येण्याच्या फटी बदलल्या. आणि लेंड्या झाडायला गावातली जास्त माणसं जोडली, हेही काही लहानसहान काम नव्हे.

वटवाघळांवरून स्वीडनची गोष्ट आठवते. नैऋत्य स्वीडनमधल्या खेड्यांतली चर्चेस १९८० च्या दशकात संशोधकांनी तपासली होती. त्यातल्या ६१ टक्के चर्चमध्ये लांब कानांच्या तपकिरी वटवाघळांची वसाहत होती. २०१६ मध्ये तीच चर्चेस पुन्हा तपासली, तेव्हा प्रमाण ३८ टक्क्यांवर आलं होतं. मधल्या काळात काय झालं? चर्च रात्री सुंदर दिसावं म्हणून बाहेरून भिंतींवर आणि मनोऱ्यावर झोत टाकणारे दिवे बसवले गेले. वटवाघळांनी सोडून दिलेल्या प्रत्येक चर्चला असे दिवे लागलेले होते. आणि जिथे दिवे लागले नाहीत, तिथल्या तेराच्या तेरा वसाहती पंचवीसेक वर्षांनंतरही जागेवर होत्या. एक बटण बंद करायचं, एवढंच! त्याला पैसे लागत नाहीत, उलट वाचतात.

ब्रिटनबाहेरचं बघायचं तर इथिओपियाला जायला हवं. देशाच्या उत्तर भागात, ताना सरोवराच्या आसपास, विमानातून खाली पाहिलं की पिंगट शेतांमध्ये हिरवे गोल ठिपके दिसतात. प्रत्येक ठिपक्याच्या मधोमध एक गोल छपराचं चर्च. या देवरायाच म्हणायच्या. इथिओपियन ऑर्थोडॉक्स परंपरेत चर्चला झाडांचं वस्त्र हवं, अशी श्रद्धा आहे. भोवतालचं जंगल शेतीसाठी आणि सरपणासाठी गेलं, देवळाभोवतीचं तेवढं उरलं. पण गुरं आत शिरायची, कोवळी रोपं खायची, आणि कडेकडेनं जंगल झिजत चाललं होतं. अलेमायेहू वासी हे इथिओपियन वनशास्त्रज्ञ आणि मार्गारेट लोमन या अमेरिकन जीवशास्त्रज्ञ यांनी तिथल्या धर्मगुरूंना उपग्रहातून घेतलेली त्यांच्याच जंगलांची चित्रं दाखवली. धर्मगुरूंनी उपाय काढला तो साधा गडगा. शेतातले दगड उचलायचे आणि जंगलाभोवती रचायचे. शेतकऱ्याचं शेत दगडांतून मोकळं झालं, गुरं बाहेर राहिली, आणि गडग्याच्या आत जमिनीत पडून राहिलेलं बी उगवायला लागलं. काही ठिकाणी गडगा आताच्या जंगलाच्या थोडा बाहेरून घातला, जंगलाला पसरायला जागा म्हणून.

झिंबाब्वेमधल्या स्वतंत्र आफ्रिकी चर्चेसनी वेगळीच वाट धरली. १९९१ मध्ये त्यांनी पृथ्वीची राखण करणाऱ्या चर्चेसची संघटना काढली आणि झाडं लावणं थेट प्रभुभोजनाच्या, म्हणजे भाकर आणि द्राक्षरस वाटून घेण्याच्या, विधीतच गुंफलं. रोपं हातात घेण्याआधी लोक पापकबुली देत: मी अमुक झाड तोडलं, मी नदीकाठ नांगरला. मला हे फार भावतं. झाड लावताना फोटो काढणारे आपण पुष्कळ पाहिलेत, आधी कबुली देणारे कितीसे?

संस्थांच्या पातळीवरही बरंच घडलं आहे. १९८९ मध्ये ऑर्थोडॉक्स चर्चच्या प्रमुख धर्मगुरूंनी १ सप्टेंबर हा सृष्टीसाठी प्रार्थनेचा दिवस ठरवला, २०१५ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी तो कॅथलिक चर्चसाठीही स्वीकारला. १९८३ मध्ये पोर्तुगालमध्ये पक्षी-अभ्यासाचं एक केंद्र म्हणून सुरू झालेली 'अ रोशा' ही ख्रिस्ती संस्था २०१६ पासून इंग्लंड आणि वेल्समधल्या चर्चेसना पर्यावरणाच्या कामासाठी कांस्य, रौप्य, सुवर्ण असे पुरस्कार देते. भिंतीवर लावायच्या फलकांची मला फारशी ओढ नाही, पण त्या निमित्तानं मंडळींना आपलं आवार एकदा चालून बघावं लागतं, हे चांगलंच.

जाता जाता पाकोळ्यांबद्दल, म्हणजे स्विफ्ट या पक्ष्यांबद्दल सांगतो, कारण राखणीत धीर किती लागतो ते त्यांच्याकडून कळतं.

युरोपातली पाकोळी म्हणजे जेमतेम चाळीस ग्रॅमचा जीव. पाय इतके आखूड की फांदीवर बसता येत नाही. स्वीडिश संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवून दिलं की यातले काही पक्षी सलग दहा महिने हवेतच असतात. खाणं हवेत, झोपही हवेतच. टेकतात ते फक्त अंडी घालायला, मे ते ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत, आणि तेही दरवर्षी जुन्या भिंतीतल्या त्याच फटीत. मग एखाद्या वर्षी चर्चची डागडुजी होते, गवंडी इमानेइतबारे सगळ्या फटी बुजवतो, आणि आफ्रिकेतून आलेली पाकोळी बंद भिंतीवर आपटत राहते.

यावर तोडगा घंटेच्या मनोऱ्यात आहे. तिथल्या खिडक्यांना तिरप्या फळ्या असतात. त्या फळ्यांच्या आतल्या बाजूला लाकडी खोकी बसवायची, प्रत्येकाला जेमतेम तीन सेंटिमीटर उंचीची फट ठेवायची. बाहेरून काही दिसत नाही, चर्चचं रूप बदलत नाही. घंटांच्या आवाजाचं पाकोळ्यांना काही वाटत नाही. पण नुसती खोकी बसवून त्या येत नाहीत. त्यांना ती जागा माहीतच नसते. म्हणून मनोऱ्यात एक छोटा स्पीकर ठेवतात आणि पाकोळ्यांच्या किंकाळ्यांचं ध्वनिमुद्रण मे महिन्यापासून सकाळ-संध्याकाळ वाजवतात. पहिल्या उन्हाळ्यात बहुधा कुणी येत नाही. दुसऱ्यातही नाही. तरी कुणीतरी रोज जिना चढून बटण दाबतं, रात्री बंद करतं. खाली अंगणात एखादा म्हातारा कपाळावर हात धरून आभाळ न्याहाळतो आणि विचारतो, "आवाज तर येतोय, मग पाखरं कुठायत?"

"येतील की," वरून उत्तर येतं.

नमस्कार.