त्सुमेब: हिरव्या टेकडीच्या पोटातली खनिजं

[दृश्य: खाणीचं हेडगियर, खालून वर]

हा जो लोखंडी सांगाडा दिसतोय ना, ते डी वेट शाफ्टचं हेडगियर, म्हणजे खाणीच्या उभ्या विहिरीवरचा, माणसं आणि माल वर-खाली करणारा मनोरा. गाव त्सुमेब, उत्तर नामिबिया, राजधानी विंडहुकपासून साधारण सव्वाचारशे किलोमीटर वर. 1996 पर्यंत इथून माणसं खाली जायची आणि तांबं, शिसं, जस्त वर यायचं. पंप बंद झाल्यावर खालच्या गॅलऱ्यांत पाणी भरलं, त्यामुळे जमिनीखालचं काहीच शूट नाहीये. जे वर आलं तेवढंच दाखवतो, आणि तेवढं खूप झालं.

[दृश्य: जुना कृष्णधवल फोटो, टेकडी]

आता जिथे खड्डा आहे तिथे आधी एक टेकडी होती. फार मोठी नाही, लांबी 180 मीटरच्या आसपास, उंची जेमतेम बारा. पण रंग हिरवा, आणि तो झाडांचा नाही, दगडाचा. घासायचा राहिलेल्या तांब्याच्या हंड्यावर जो हिरवा थर चढतो, तसाच प्रकार, फक्त अख्ख्या टेकडीभर. इथले सान लोक हे दगड गोळा करायचे आणि उत्तरेकडचे ओवाम्बो ते घेऊन जाऊन त्यातून तांबं काढायचे, युरोपियन कोणी यायच्या कितीतरी आधीपासून. मग जानेवारी 1893 मध्ये मॅथ्यू रॉजर्स नावाचा इंग्रज कंपनीचा माणूस इथे पोचला आणि ही टेकडी बघून थक्क झाला, आणि पुस्तकांमधून "शोध" लागला तो त्याच्याच नावावर. असो.

1900 मध्ये जर्मन कंपनी निघाली, 1906 मध्ये स्वाकोपमुंड बंदरापासून इथपर्यंत 567 किलोमीटरची अरुंद रेल्वे आली. ती टाकायला इथल्याच हेरेरो जमातीचे युद्धकैदीसुद्धा राबवले, आणि हा तोच काळ ज्यात जर्मन सैन्याने हेरेरो आणि नामा लोकांना मारलं, ज्याला आज हेरेरो-नामा नरसंहार म्हणतात.

[दृश्य: डोलोमाइटचा कडा, मग ओत्जिकोतो तळं ड्रोनमधून]

आता मुद्द्याचं. हा करडा दगड डोलोमाइट. साठ-सत्तर कोटी वर्षांपूर्वी इथे उथळ समुद्र होता, त्याच्या तळाशी चुन्याचे आणि डोलोमाइटचे थर साचत गेले, जाडी किलोमीटरमध्ये. हा दगड पाण्यात हळूहळू विरघळतो, त्यामुळे आत गुहा होतात आणि कधीतरी छत खाली बसतं. हे ओत्जिकोतो तळं बघा, त्सुमेबपासून वीसेक किलोमीटरवर, हे तसंच छत खचून झालेलं. काठावर जुना वाफेचा पंप आहे, इथलंच पाणी खाणीला जायचं. आणि 1915 मध्ये शरण जायच्या आधी जर्मन सैन्याने आपल्या तोफा आणि दारूगोळा याच तळ्यात टाकला, त्यातल्या काही बाहेर काढून म्युझियममध्ये ठेवल्यात.

त्सुमेबच्या खाली काय झालं, तर अशीच एक पोकळी, पण उभी, पाइपसारखी, खोल खोल गेलेली. वरची वाळू तिच्यात उतरली, तिचा सँडस्टोन झाला. जुन्या जर्मन भूवैज्ञानिकांना तो अग्निजन्य खडक वाटला होता, इतका फसवा दिसतो. मग दोन खंड एकमेकांवर आदळले, डोंगर उठले, आणि त्या रेट्यात गरम खारं पाणी धातू घेऊन या पाइपमधून वर आलं. गॅलेना म्हणजे शिशाचं सल्फाइड, टेनँटाइट म्हणजे तांबं आणि आर्सेनिक, स्फॅलेराइट म्हणजे जस्त, सगळं एकाच ठिकाणी बसलं. 1,700 मीटरच्या खाली गेले तरी पाइप चालूच होता. एकूण 2 कोटी 70 लाख टनांच्या आसपास ओअर, म्हणजे धातू असलेला दगड, निघालं, त्यात सरासरी दहा टक्के शिसं आणि चार टक्क्यांच्या वर तांबं. असं ओअर कुठे मिळत नाही हो.

पण धातूचा आकडा बाजूला ठेवा, कारण पुढची गोष्ट त्याहून भारी आहे.

[दृश्य: म्युझियमची काचपेटी, क्लोज-अप]

सल्फाइडला हवा-पाणी लागलं की ते गंजतं, आम्ल तयार होतं, धातू सुटे होतात, आणि बाजूच्या डोलोमाइटमधला कार्बोनेट मिळाला की नवी खनिजं जमतात. साधारणपणे हे वरच्या वरच होतं, पाण्याच्या पातळीपर्यंत, पण इथे नॉर्थ ब्रेक नावाची एक भेग होती जिच्यातून पावसाचं पाणी थेट शेकडो मीटर आत उतरलं, त्यामुळे आठशे मीटरच्या खाली परत एक गंजलेला पट्टा लागला, आणि त्याच्याही खाली तिसरा. आधीच तांबं, शिसं, जस्त, आर्सेनिक, वर जर्मेनियम आणि गॅलियम, आणि या सगळ्याला तीनदा ऑक्सिजन मिळाला. म्हणून एका खाणीत 300 पेक्षा जास्त खनिजं, आणि त्यातली सत्तरच्या आसपास पहिल्यांदा जगाला इथूनच कळली.

हा निळा अझुराइट, तांब्याचा कार्बोनेट, वितभर लांबीचे क्रिस्टल निघायचे. हा हिरवा पन्ना नाही, डायोप्टेज आहे, यात तांबं. हे पांढरं जाळीदार सेरुसाइट, दिसायला बर्फ, पण वजनाचा तीन चतुर्थांश भाग शिसं, हातात घेतलं की हात खाली जातो. गुलाबी स्मिथसोनाइट कोबाल्टमुळे, तेच तांबं मिसळलं की हिरवं. पिवळा पारदर्शक मिमेटाइट 1971 मध्ये एका पोकळीत सापडला, तसा नंतर नाही. आणि हा कळकट गुलाबी-करडा तुकडा जर्मेनाइट, याच्याकडे कोणी बघणार नाही, पण इन्फ्रारेड लेन्सला लागणारं जर्मेनियम यात असतं.

[दृश्य: खाणकामगारांचा जुना फोटो]

हे सगळं वाचलं कसं? कंपनीला टनावारी धातू हवा होता, क्रिस्टल असो की दगड, क्रशरला सगळं सारखंच. वाचलं ते खाली काम करणाऱ्यांमुळे. जेवणाच्या डब्यात, कपड्यांत लपवून एकेक तुकडा वर आला. नियमाने ते चालत नव्हतं. पण आज लंडन, बर्लिन, वॉशिंग्टनच्या म्युझियममध्ये त्सुमेबचा जो माल आहे त्यातला बराचसा याच वाटेने गेलाय, आणि ज्याने ब्लास्टनंतरच्या धुळीत तो ओळखला त्याचं नाव लेबलवर नसतं. यातले बहुतेक ओवाम्बो काँट्रॅक्ट कामगार, घरापासून लांब, कंपनीच्या कुंपणातल्या बराकींत राहणारे. 1971-72 च्या मोठ्या संपात तेही उतरले होते.

इथे आपल्याकडचं आठवल्याशिवाय राहत नाही. पुण्याजवळ वाघोलीच्या खाणीत निळा कॅव्हनसाइट निघतो, इतका चांगला जगात कुठे नाही. जळगाव, नाशिककडे अपोफिलाइट, स्टिलबाइट. त्याही खाणी खडीसाठीच. सिन्नरच्या गारगोटी म्युझियममध्ये जे बघतो तेही कोणीतरी क्रशरच्या आधी उचललं म्हणून, आणि न उचललेलं आपल्या रस्त्यांखाली आहे.

[दृश्य: स्मेल्टरची चिमणी]

बरं, स्मेल्टर, म्हणजे ओअर वितळवून धातू काढायची भट्टी. शंभर वर्षांचं शिसं आणि आर्सेनिक इथल्या मातीत आहे. खाण बंद झाली तरी स्मेल्टर चालू राहिला, पुढे तर बल्गेरियातून आर्सेनिकवालं कॉन्सन्ट्रेट, म्हणजे दळून धातूचा अंश वाढवलेलं ओअर, आणून वितळवलं, आणि कचरा गावाला लागूनच साठवला.

[दृश्य: खणांचे ड्रॉवर, एकेक उघडताना]

1996 मध्ये संप झाला, पंप थांबले, पाणी चढलं. तिसरा पट्टा आणखी किती खाली जातो ते बघायचं राहूनच गेलं. पण डब्यातून वर आलेलं संपलेलं नाही. खाण बंद झाल्यावरही त्सुमेबमधून नवी खनिजं नोंदली गेली, जुन्याच नमुन्यांतून. कोणीतरी ड्रॉवर उघडतं, कोपऱ्यात मिलिमीटरभराचा अनोळखी क्रिस्टल दिसतो, एक्स-रेला जातो, आणि यादीत एक वाढतं.