खालचा सूर निघून जातो तेव्हा

बाखच्या सेंट मॅथ्यू पॅशनमधलं एक गाणं आहे, आधी नुसतं ऐका. जमलं तर हेडफोन लावा.

ही बासरी लाकडाची आहे, हिला भोक झाकायची धातूची की (चावी) एकच, बाकीची भोकं बोटांनी झाकायची, म्हणून काही स्वर मोकळे येतात आणि काही जरा धुरकट, दबके. खाली ते दोन घोगरे आवाज आहेत ना, ते ओबो दा काच्चा, म्हणजे शिकारीचा ओबो (ओबो म्हणजे आपल्या सनईसारखं फुंकायचं वाद्य). लाकूड वाकवून वर चामडं गुंडाळलेलं, टोकाला पितळेचा कर्णा. १७२४ साली जर्मनीतल्या लायपझिगमध्ये आयकेनटॉफ नावाच्या कारागिराने केलेले असे ओबो अजून म्युझियममध्ये आहेत.

आणि हे म्युझिक पण लायपझिगचंच, बाखची सेंट मॅथ्यू पॅशन, म्हणजे येशूच्या छळाची आणि मरणाची गोष्ट गाण्यांतून, १७२७ च्या गुड फ्रायडेला थॉमस चर्चमध्ये पहिल्यांदा झाली असं मानतात. दोन कॉयर, दोन ऑर्केस्ट्रा, जवळजवळ तीन तास, मध्ये प्रवचन.

गोष्ट कुठवर आलीय बघा. लोक एकदा ओरडून झालेत, या येशूला वधस्तंभावर खिळा. रोमन सुभेदार पिलात विचारतो, का, याने वाईट काय केलंय? उत्तर एक सोप्रानो, म्हणजे उंच पट्टीतली गायिका, देते (बाखच्या वेळी चर्चमध्ये हे मुलगेच गायचे), याने आम्हा सगळ्यांचं भलंच केलं. आणि मग हे गाणं, प्रेमापोटी माझा तारणारा मरायला निघालाय.

आता खाली ऐका. काहीच नाही! एरवी चेलो आणि ऑर्गनचा खर्ज सतत चालू असतो, त्यावर सगळं उभं असतं, तो बाखने इथे काढूनच टाकलाय. आपले कान तानपुऱ्यावर वाढलेले, गाणं ऐन रंगात असताना तानपुरा थांबला तर जे पोटात होतं ना, अगदी तसं होतं मला इथे.

आजच्या ऑर्केस्ट्रात ओबो दा काच्चाच्या जागी बहुतेक वेळा इंग्लिश हॉर्न (तोही ओबोच्याच घराण्यातला) असतो, छान वाजतो, पण फार गुळगुळीत. जुनी वाद्यं साधारण ४१५ हर्ट्झला लावतात, आजच्यापेक्षा अर्धा सूर खाली, आणि वाजवणाऱ्याचा श्वास ऐकू येतो, कुठे संपत आलाय तेही कळतं, आणि खाली आधाराला कोणी नसताना तो श्वासच काय तो असतो.

शेवटचा स्वर आला. थांबा, बंद करू नका.

लोक परत ओरडतायत, तीच चाल, तेच शब्द, फक्त या वेळी पूर्ण एक सूर वर.