चुन्याच्या भिंती आणि श्रावणातला मुक्काम

श्रोतेहो, नमस्कार.

वेंगुर्ल्यात बंदराच्या वाटेवर बोटीच्या उतारूंसाठी बांधलेलं एक जुनं घर आहे. मुंबईची आगबोट बाहेर नांगर टाकायची आणि माणसं पडावातून किनाऱ्याला लागायची. पुढे आंबोली घाट चढून बेळगावकडे जाणारे रात्रीपुरते इथे पथारी पसरत. पावसाळ्यात दर्या खवळला की बोटी बंद, मग या घरालाही कडी. बोटी कायमच्या थांबल्यावर ते बरीच वर्षं ओस पडलं होतं. आता घरच्यांनी ते पुन्हा उभं केलंय, आणि गेल्या श्रावणात मी तिथे तीन रात्री राहिलो. पूर्वी ज्या दिवसांत तिथे कुणी उतरत नसे, नेमक्या त्याच दिवसांत.

मला बोलायचंय ते तिथल्या भिंतींबद्दल. भिंती जांभ्याच्या आहेत. जांभा खाणीतून निघतो तेव्हा मऊ असतो, हत्याराने सहज तासता येतो. वारा लागला की घट्ट होतो. पण त्याच्या अंगात भोकं असतात आणि तो पाणी पितो. आपल्या गावांत अशा किती भिंतींना लोकांनी हौसेनं सिमेंट फासलं! बारीक तडा गेला की पाणी आत शिरतं, बाहेर पडायला वाट मिळत नाही. मग भिंतीला मीठ फुटतं आणि गिलाव्याचे पापुद्रे सुटतात. हे पाहिलं की मला खरंच वाईट वाटतं, कारण खर्च करूनच ते घर बिघडवलेलं असतं.

इथे तसलं सिमेंट खरवडून काढलं आणि चुना लावला. शिंपल्या भाजून केलेला, पाण्यात विझवून मुरवलेला, गूळ आणि हिरड्याचं पाणी घातलेला. चुना हवेतला कर्बवायू घेत सावकाश दगड होत जातो, त्यामुळे घाई चालत नाही. हे काम येणारा गवंडी शोधण्यातच महिने गेले. सापडले ते आजोबा सत्तरी ओलांडलेले. मी विचारलं तेव्हा म्हणाले, "सिमिट पानी आत कोंडता. चुनो ता भायर सोडता."

कौलंही जुनीच ठेवलीत. फुटकी तेवढी बदलली. एका कौलाच्या पोटावर बासेल मिशनचा शिक्का आणि 1865 हा आकडा आहे. ते या ख्रिस्ती मिशनच्या मंगळूरमधल्या कौलांच्या कारखान्याच्या स्थापनेचं साल. कौल त्याच साली भाजलंय असं समजू नका.

जेवण घरचंच. सकाळी उकड्या तांदळाची पेज, दुपारी टाकळ्याची भाजी आणि सोलकढी. नागपंचमीला काकींनी पातोळे केले, म्हणजे हळदीच्या पानात उकडलेला तांदळाच्या पिठाचा गोड पदार्थ. हळदीची पानं परसातून खुडून आणली, तेव्हा पडवीपर्यंत वास आला. "आणखी एक घेवा," म्हणत त्यांनी ताटात तीन वाढले.

दुसऱ्या रात्री धो धो पाऊस लागला. मी अंधारातच उठून भिंतीला तळहात लावला. गार होती, पण ओल नव्हती. हात पुसायची वेळ आली नाही.

जाणार असाल तर पावसातच जा, आणि माळ्यावरची खोली मागा. तिथे कौलं डोक्याच्या अगदी जवळ आहेत.